सिमचा टॅब की वायफायचा? किमतीतला पेटंटचा वाटा मोजून केलेली तुलना

भाचीला टॅब हवा आहे. इंदूरला खंडवा रोडच्या विद्यापीठात तिचं एमएस्सी चालू आहे, नोट्स सगळ्या पीडीएफमध्ये येतात आणि फोनच्या पडद्यावर समीकरणं वाचून तिचे डोळे दुखतात. म्हणून गेल्या शनिवारी तिला घेऊन जेल रोडला गेलो. दुकानदाराने काउंटरवर आयपॅडची दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली. मॉडेल तेच, रंग तोच, स्टोरेजही तेवढंच. एक नुसत्या वायफायचं, दुसऱ्यात सिमही चालतं. किमतीत पंधरा हजारांचा फरक.

"मामा, एका सिमचे पंधरा हजार?" ती हळूच म्हणाली.

दुकानदाराच्या कानावर ते गेलंच. सिमच्या टॅबवर परदेशी कंपन्यांना पेटंटचे पैसे भरावे लागतात, म्हणून तो महाग, असं त्याने समजावून सांगितलं. माणूस भला आहे, खोटं बोलत नव्हता. त्याने जे ऐकलं तेच सांगितलं.

मी जीएसटीचं काम करतो. दिवसभर लोकांची बिलं बघण्यात जातो. "अमक्यामुळे महाग" असं कुणी म्हटलं की ते अमकं नेमकं किती रुपयांचं, हे काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या दिवशी खरेदी न करताच आम्ही रामबागेत घरी परतलो आणि रात्री वही घेऊन बसलो. कॉलेज सुरू होताना हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी येतो, म्हणून जे हाती लागलं ते सविस्तर मांडतो.

पेटंटचे पैसे म्हणजे कशाचे

फोन टॉवरशी ज्या पद्धतीने बोलतो, ती पद्धत जगभरच्या कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलेली आहे. २जी, ३जी, ४जी, ५जी ही त्याच पद्धतीची एकेक पिढी. तिच्यातला मोठा भाग क्वालकॉम, एरिक्सन, नोकिया, हुआवे, सॅमसंग अशा कंपन्यांच्या प्रयोगशाळांमधून आला आणि त्यांनी त्यावर पेटंट घेतली. ही पेटंट टाळून ५जी फोन बनवताच येत नाही. त्यांना स्टँडर्ड इसेन्शियल पेटंट म्हणतात. आपली पद्धत सगळ्यांसाठी प्रमाण म्हणून स्वीकारली जावी यासाठी पेटंटधारक कंपनी त्या वेळी एक वचन देते: मागेल त्याला रास्त, वाजवी आणि भेदभाव न करणाऱ्या अटींवर परवाना देऊ. गेली पंधरा वर्षं जगभरच्या न्यायालयांत जी भांडणं चालली आहेत, त्यातली बरीचशी 'वाजवी' या एका शब्दावर आहेत.

दुसऱ्या जातीची भांडणं आकार, रंगरूप आणि सोयींवरची. ॲपलने एप्रिल २०११ मध्ये सॅमसंगवर केलेला दावा त्यातला. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यूरीने सॅमसंगला १०५ कोटी डॉलरच्या आसपास भरपाई द्यायला सांगितलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, परत खाली आलं, २०१८ च्या मे महिन्यात ५३.९ कोटी डॉलरचा नवा आकडा ठरला आणि जूनमध्ये दोघांनी तडजोड केली. सात वर्षं! बातम्या याच खटल्याच्या जास्त झाल्या. तुमच्या-माझ्या बिलाशी मात्र पहिल्या जातीच्या पेटंटांचा संबंध जास्त, कारण त्यांचे पैसे प्रत्येक नगामागे मोजले जातात.

तीन फोन, एक हिशेब

चार मोठ्या कंपन्यांनी ५जी फोनचे आपले दर जाहीर केलेले आहेत. क्वालकॉम फोनच्या निव्वळ विक्री किमतीच्या ३.२५ टक्के मागते, पण किंमत ४०० डॉलरच्या वर कितीही असली तरी हिशेबाला ४००च धरते. एरिक्सनने २०१७ मध्ये महागड्या फोनला ५ डॉलर आणि स्वस्त फोनला अडीच डॉलरपर्यंत खाली, असं सांगितलं. नोकियाने २०१८ मध्ये जास्तीत जास्त ३ युरो म्हटलं, हुआवेने २०२१ मध्ये जास्तीत जास्त अडीच डॉलर.

हिशेबापुरता डॉलर ८८ रुपयांचा आणि युरो १०० रुपयांचा धरला आहे. निव्वळ विक्री किंमत म्हणजे कर आणि दुकानदाराची कमाई वजा जाता कंपनीच्या हाती येणारी रक्कम. आठ हजारांच्या फोनला ती ६,००० आणि वीस हजारांच्या फोनला १५,००० असेल, हा माझा अंदाज. सव्वा लाखाच्या वरच्या फोनला क्वालकॉमची ४०० डॉलरची मर्यादा लागते, त्यामुळे तिथे अंदाजाची गरज पडत नाही.

| | ८,००० चा फोन | २०,००० चा फोन | १,३०,००० चा फोन |
|---|---|---|---|
| किमतीतला जीएसटी, १८ टक्के | १,२२० | ३,०५१ | १९,८३१ |
| क्वालकॉम | १९५ | ४८७ | १,१४४ |
| एरिक्सन | २२० | २२० ते ४४० | ४४० |
| नोकिया, कमाल | ३०० | ३०० | ३०० |
| हुआवे, कमाल | २२० | २२० | २२० |
| चौघांची बेरीज | ९३५ | १,२२७ ते १,४४७ | २,१०४ |
| छापील किमतीत वाटा | सुमारे १२ टक्के | ६ ते ७ टक्के | १.६ टक्के |

हे दुकानाच्या पाटीवरचे दर समजा. प्रत्यक्षात फोन बनवणारी मोठी कंपनी घासाघीस करते, दोन कंपन्या एकमेकींची पेटंट वापरत असतील तर एकमेकींचं देणं वळतं होतं, आणि स्वस्त फोनवर नोकिया-हुआवे कमाल आकडा घेतीलच असं नाही. या चौघांखेरीज आणखीही पेटंटधारक आहेत, त्यांचं देणं निराळं. तरीही शेवटची ओळ एकदा डोळ्यांखालून घाला. मी ती दोनदा तपासली.

महाग फोन पेटंटमुळे महाग, ही समजूत उलटी आहे. सव्वा लाखाच्या फोनवर पेटंटचं ओझं दीड-पावणेदोन टक्के. आठ हजारांच्या फोनवर ते बाराच्या घरात जाऊ शकतं. दरांना वरून झाकण आहे आणि ते झाकण महाग फोनच्या उपयोगी पडतं. ज्याच्या खिशात कमी, त्याच्याच फोनच्या किमतीत पेटंटचा हिस्सा जड. मला हे मनापासून खटकतं. संशोधनाचे पैसे मिळायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही; पण आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी पै पै साठवून घेतलेल्या फोनवर शेकड्याला बारा आणि कारखानदाराच्या फोनवर दीड, याला वाजवी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

ॲपलसारख्या कंपनीलाही हे दर जास्त वाटले होते, हे इथे सांगायला हवं. जानेवारी २०१७ मध्ये तिने क्वालकॉमवर दावा लावला. २०१९ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात ॲपलच्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगितलं की आयफोनमागे साडेसात डॉलर द्यावे लागत होते. त्याच वर्षी १६ एप्रिलला दोघांची तडजोड झाली. आता लाखभर रुपयांच्या फोनमध्ये साडेसात डॉलर म्हणजे किती, ते तुम्हीच पाहा.

टक्का कशाचा: चिपचा की फोनचा

आपल्या देशातली मोठी प्रकरणं याच प्रश्नाभोवती फिरली. मार्च २०१३ मध्ये एरिक्सनने दिल्ली उच्च न्यायालयात मायक्रोमॅक्सवर दावा केला. त्या काळी इंदूरमध्ये घराआड एक मायक्रोमॅक्स होता. पुढे इंटेक्स, लावा, शाओमी असे एकेक जण त्या रांगेत आले. मायक्रोमॅक्सच्या प्रकरणात नोव्हेंबर २०१४ मध्ये जी तात्पुरती व्यवस्था ठरली, तिच्यात कॉलिंग टॅबलेटचाही दर होता: निव्वळ विक्री किमतीच्या १ टक्का.

फोन बनवणाऱ्यांचं म्हणणं असं, की तुमचं तंत्रज्ञान चिपमध्ये आहे, मग टक्का चिपच्या किमतीवर घ्या. मी चांगला कॅमेरा आणि मोठा पडदा लावून फोन महाग केला, तर तुमचा हिस्सा का वाढावा? पेटंटधारकांचं उत्तर असं, की नेटवर्कशिवाय तो कॅमेरा आणि पडदा तरी काय कामाचा.

२८ मार्च २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने लावाच्या खटल्यात निकाल दिला. आठपैकी सात पेटंट वैध ठरली, एक रद्द झालं. दर ठरला १.०५ टक्के, तोही संपूर्ण फोनच्या किमतीवर, आणि लावाला एरिक्सनला २४४ कोटी रुपये द्यायला सांगितलं गेलं. २४४ कोटी ऐकून धडकी भरते. पण कंपनीच्या हाती ५,००० रुपये येणाऱ्या फोनवर १.०५ टक्के म्हणजे साडेबावन्न रुपये. ग्राहकाला ते जाणवतही नाहीत. कंपनीला मात्र अनेक वर्षांचे थकलेले साडेबावन्न एकदम भरावे लागतात, आणि फोनमागे शंभर-दीडशे रुपयांवर जगणारा धंदा त्यात वाकतो. भारतीय कंपन्या मागे पडल्या त्याचं मुख्य कारण ४जी आलं तेव्हा त्या उशिरा जाग्या झाल्या आणि चिनी कंपन्यांनी दर पाडले, हे खरं. पण वर्षानुवर्षं खटला अंगावर घेऊन धावणं सोपं नसतं, हेही तितकंच खरं.

आता मुख्य तुलना: दोन टॅब

जेल रोडच्या त्या पंधरा हजारांकडे परत येऊ. मार्च २०२५ मध्ये ए१६ चिपचा आयपॅड आला तेव्हा भारतात वायफायच्या नगाची सुरुवातीची किंमत ३४,९०० आणि सिमच्या नगाची ४९,९०० होती. हा फरक आजचा नाही. २०१० चा पहिला आयपॅड अमेरिकेत वायफायला ४९९ डॉलर आणि ३जीला ६२९ डॉलर होता. पंधरा वर्षांत तिथला १३० डॉलरचा फरक १५० डॉलर झाला, एवढंच.

पंधरा हजार उलगडू. त्यात जीएसटी २,२८८. फोनसाठीचे जाहीर दर टॅबला पूर्णच्या पूर्ण लावले, तरी चौघांचं पेटंट २,१०४. उरले १०,६०८. यात मोडेम (टॉवरशी बोलणारी चिप), अँटेना आणि जास्तीची जुळणी आहे, आणि बाकी सगळी कंपनीची कमाई. मोडेमला किती आणि कमाई किती, हे ॲपल सांगत नाही. पण पंधरातले दोन हजार दाखवून पंधराच्या पंधरा पेटंटच्या नावावर टाकणं बरोबर नाही, एवढं वहीत स्वच्छ दिसतं. सिम वापरणारा गिऱ्हाईक जास्त मोजायला तयार असतो, हे कंपनीला ठाऊक आहे.

पेटंट वायफायलाही चुकलेलं नाही. हुआवेने वायफाय ६ साठी नगामागे अर्धा डॉलर दर जाहीर केला आहे. म्हणजे ४४ रुपये.

अँड्रॉइड टॅबमध्ये चित्र बरंच वेगळं. त्याच दुकानात मी तीन-चार मॉडेलं विचारली, तर वायफाय आणि सिमच्या नगांत दोन ते चार हजारांचा फरक निघाला. पेटंट त्यांनाही तीच लागतात. तेव्हा फरक पेटंटचा असता, तर तो सगळीकडे साधारण सारखाच दिसायला हवा होता. दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी सोपी पारख हवी असेल, तर ही एक पुरे.

पैशांनंतर वापर. सिमच्या टॅबला वेगळं रिचार्ज लागतं. महिन्याला अडीचशे धरले तर वर्षाला तीन हजार. टॅब चार वर्षं वापरणार असाल तर बारा हजार आणखी. वायफायच्या टॅबला फोनचं हॉटस्पॉट पुरतं, पण त्याचा त्रास फोनला होतो. उन्हाळ्यात दुपारी हॉटस्पॉट लावून फोन दप्तरात टाकलात तर तासाभरात तो तव्यासारखा तापतो आणि बॅटरी उतरते. रोज अर्धा-पाऊण तास चालवायचं असेल तर हरकत नाही, दिवसभर चालवायचं असेल तर नका करू.

आयपॅडमध्ये दोन गोष्टी दुकानदार आपणहून सांगत नाहीत. वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. आसपासच्या वायफायवरून तो जागा ओळखतो, त्यामुळे महूच्या रस्त्यावर गाडीत नकाशासाठी त्याच्यावर विसंबता येत नाही. आणि सिमच्या आयपॅडवरून साधा फोन लावता येत नाही, सिम केवळ इंटरनेटसाठी. अँड्रॉइडच्या सिम टॅबवर बहुधा फोनही लागतो. ज्यांना तेवढंच हवं आहे, त्यांनी आयपॅडचे जास्तीचे पंधरा हजार अजिबात मोजू नयेत.

आता खोक्याकडे बघा. भाचीला मी दोन्ही खोकी उलटी करून दाखवली. सिमच्या टॅबच्या लेबलवर सीरियल नंबरखेरीज पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या नगाचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, छापलेला असतो. वायफायच्या खोक्यावर ती ओळच नसते, फक्त सीरियल नंबर. फरक क्षुल्लक वाटतो. पण फोन किंवा टॅब हरवला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय टाकून तो सगळ्या नेटवर्कवर बंद करता येतो. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. वायफायच्या टॅबला आयएमईआयच नाही, तर तिथे काय टाकणार? त्याच्यासाठी कंपनीचं 'फाइंड', म्हणजे हरवलेला नग शोधायची सोय, चालू ठेवणं आणि पासकोड लावणं, एवढाच आधार. सिटी बसने जाणाऱ्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुलांनी हे नक्की लक्षात घ्यावं.

कुणी काय घ्यावं, यावर माझं मत झालेलं आहे. घरी ब्रॉडबँड आणि कॉलेजात वायफाय असलेल्या विद्यार्थ्याने वायफायचाच घ्यावा. माझा एक मित्र विमा सर्वेक्षणाचं काम करतो. आज देवास, उद्या पीथमपूर, परवा सांवेर. गाडीच्या बॉनेटवर टॅब ठेवून फोटो चढवतो. त्याने सिमचाच घ्यावा आणि घेतलाही आहे, अँड्रॉइडचा. घरात ब्रॉडबँड नसलेल्या, एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठीही सिमचाच. पुण्याला किंवा बाहेरदेशी असलेल्या लेकीशी व्हिडिओवर बोलायला आईने आधी फोनचं हॉटस्पॉट लावायचं, मग टॅब जोडायचा, ही कसरत सत्तरीच्या बाईला सांगू नये.

खटल्यात अडकलेली कंपनी घ्यावी का

हा प्रश्न मला दोघा-तिघांनी विचारला. तीन प्रसंग सांगतो.

डिसेंबर २०१४. शाओमीचे फोन तेव्हा ऑनलाइन मिनिटांत संपायचे. ८ तारखेला दिल्ली उच्च न्यायालयाने एरिक्सनच्या दाव्यावरून विक्री थांबवली. आठवडाभराने सवलत मिळाली, पण ती केवळ क्वालकॉमची चिप असलेल्या फोनांना, आणि नगामागे १०० रुपये न्यायालयात जमा करण्याच्या अटीवर. रेडमी नोटचे तेव्हा दोन प्रकार होते. ३जीच्या नोटमध्ये मीडियाटेकची चिप होती, ती अडकली. ४जीच्या नोटमध्ये क्वालकॉमची, ती सुटली. पाठीवर नाव एकच. घेणाऱ्याला आतली चिप कुठली आहे याचा पत्ताही नसायचा. २०१९ मध्ये हा वाद आपसात मिटला.

दुसरा जर्मनीतला. नोकियाशी वाद झाल्यावर २०२२ मध्ये ओप्पो आणि वनप्लसने तिथली विक्रीच थांबवली. जुन्या ग्राहकांना सेवा आणि अपडेट मिळत राहतील, असं ओप्पोने जाहीर केलं. जानेवारी २०२४ मध्ये तडजोड झाली. भारतातही नोकिया-ओप्पो खटला चालला आणि जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ओप्पोला काही रक्कम जमा करायला सांगितलं, पण दुकानांत फोन मिळत राहिले.

तिसरा टॅबचा. ऑगस्ट २०११ मध्ये जर्मनीच्या न्यायालयाने आयपॅडसारखा दिसतो म्हणून सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब १०.१ रोखला. सॅमसंगने कडा बदलून तोच टॅब १०.१एन नावाने आणला. इंग्लंडमध्ये त्याच वादात २०१२ च्या जुलैत निकाल उलट लागला: सॅमसंगचा टॅब आयपॅडची नक्कल नाही, कारण तो तितका 'कूल' नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं.

तिन्ही प्रसंगांत अडलं ते पुढचं विकणं. घरात आलेला नग कुणी काढून नेला नाही. क्वचित एखादी सोय जाते: मोटोरोलाच्या पेटंटमुळे ॲपलला फेब्रुवारी २०१२ पासून दीड वर्षाहून जास्त काळ जर्मनीत आयक्लाउडची ईमेल लगेच पोचवण्याची सोय बंद ठेवावी लागली. म्हणून माझं उत्तर असं, की मोठी कंपनी खटल्यात आहे म्हणून तिचा टॅब टाळू नका. मोठ्या कंपन्या भांडतात, पैसे भरतात, पुढे जातात.

भीती छोट्या, नव्या नावांची वाटावी. २०१३ मध्ये मी वडिलांसाठी एक कॉलिंग टॅब घेतला होता. नाव लिहीत नाही. स्वस्त होता, पडदा मोठा होता, आणि वडील त्यावर अक्षर मोठं करून पोथी वाचायचे. नातेवाइकांचे सगळे नंबर त्यांनी एका बोटाने टाइप करून त्यात भरले होते. दोन वर्षांत बॅटरी फुगली, मागचं झाकण वर आलं. सर्व्हिस सेंटरला गेलो तर तिथे दुसऱ्याच कंपनीची पाटी. कंपनीने टॅबचा धंदाच बंद केला होता. बॅटरी कुठेच मिळाली नाही. वडिलांनी ते नंबर पुन्हा डायरीत उतरवायला घेतले, पण अर्धे राहून गेले, कारण टॅब चालू व्हायचाच थांबला. ती डायरी अजून घरात आहे. त्यानंतर घरात कुणासाठीही काही घेताना मी आधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर इंदूरमध्ये कुठे आहे ते विचारतो, आणि अपडेट किती वर्षं देणार हे खोक्यावर किंवा संकेतस्थळावर लिहिलेलं वाचतो. पेटंटचे परवाने घेतलेली, खटले लढायची ऐपत असलेली कंपनी बहुधा चार वर्षांनीही जागेवर असते.

थोडं उरलंसुरलं

जुना टॅब घेणाऱ्यांना पेटंटची काळजी नको. परवाना असलेल्या कंपनीने नग एकदा विकला की त्यावरचा पेटंटधारकाचा हक्क तिथेच संपतो, पुढच्या विक्रीवर पुन्हा काही द्यावं लागत नाही. फक्त सिमचा नग असेल तर *#०६# दाबून आयएमईआय खोक्याशी जुळवा आणि संचार साथीवर तपासा. चोरीचा माल त्यातच सापडतो. ज्या टॅबवर डायलरच नाही, त्याचा नंबर सेटिंगमध्ये मिळतो.

४जी की ५जी, यात पेटंटचा विचार करू नका. हुआवेचा ४जीचा कमाल दर दीड डॉलर आहे, ५जीचा अडीच. एका डॉलरसाठी एक पिढी मागे कशाला राहायचं? पैसे वाचवायचेच असतील तर स्टोरेजच्या पुढच्या टप्प्याला कंपन्या किती मागतात ते बघा, तिथे हजारो रुपये जातात.

आणि पक्कं बिल घ्या. जेल रोडवर "बिलाशिवाय पाचशे कमी" असं सर्रास विचारतात. ज्यांचा व्यवसाय जीएसटीत नोंदलेला आहे आणि टॅब कामासाठी आहे, त्यांना ३४,९०० मधले ५,३२४ रुपये क्रेडिट म्हणून परत मिळू शकतात. पाचशेसाठी ते सोडू नका. बाकीच्यांनाही वॉरंटीला आणि पोलिसांत तक्रार द्यायला बिलच लागतं.

मंगळवारी आम्ही पुन्हा गेलो. भाचीने वायफायचा घेतला. वाचलेल्या पैशांतून टॅबवर लिहायची पेन्सिल घेतली, उरलेले आईच्या हातात दिले. दुकानदाराला मी वहीतलं पान दाखवलं. त्याने ते शांतपणे वाचलं, मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि आणखी दोन मॉडेलांच्या किमती सांगून त्यांचाही हिशेब करून मागितला. घरी आल्यावर भाचीने पासकोड लावला, 'फाइंड' चालू केलं, आणि बिलाच्या मागच्या बाजूला आपल्या अक्षरात सीरियल नंबर लिहून बिल कपाटात ठेवलं.